जिन्यावरची स्टेला : एका बदललेल्या शेवटाविषयी

विजय तेंडुलकरांच्या 'वासनाचक्र' या अनुवादामुळे मराठी वाचकांना परिचित असलेले टेनेसी विल्यम्सचे 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' हे नाटक १९४७ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आले. १९५१ मधील त्याचे चित्रपट-रूपांतर सर्वसाधारणपणे संहितानिष्ठ मानले जाते. त्याला कारणेही आहेत. दोन्हींचा दिग्दर्शक एलिया कझान. मार्लन ब्रँडो, किम हंटर आणि कार्ल माल्डन हे नटही तेच. ब्लांशच्या भूमिकेत मात्र जेसिका टँडीच्या जागी व्हिव्हियन ली आली.

तथापि दोन्हींचे शेवट परस्परविरोधी आहेत. नाटकात ब्लांशला वेड्यांच्या इस्पितळात नेले जाते. स्टेला रडते, स्टॅन्ली तिला कुरवाळतो आणि पत्त्यांचा डाव पुढे चालू राहतो. बहिणीवरील बलात्काराची हकीकत खरी मानली तर नवऱ्याबरोबर नांदता येणार नाही, हे स्टेलाने यूनिसजवळ आधीच बोलून दाखवलेले असते. तिचा अविश्वास हा अज्ञानातून नव्हे, तर गरजेतून आलेला आहे. नाटकाची शोकात्मता तेथे आहे. चित्रपटात मात्र ती तान्ह्या मुलाला घेऊन, परत न येण्याचा निर्धार व्यक्त करीत, जिना चढून यूनिसकडे जाते. अपराध्याला शासन झालेच पाहिजे, ही हॉलीवूडच्या निर्मितीसंहितेची अट अशा रीतीने पूर्ण होते.

या शेवटात स्टेलाला स्वतंत्र कर्तृत्व लाभते, असा युक्तिवाद करता येईल. परंतु हा जिना आपण पूर्वी पाहिलेला आहे. पत्त्यांच्या रात्री गरोदर स्टेलावर स्टॅन्ली हात उगारतो, ती वर यूनिसकडे जाते, तो खालून आक्रोश करतो आणि ती उतरून येते. अखेरच्या प्रसंगातही तोच जिना आहे आणि स्टॅन्लीची तीच हाक आहे. म्हणजे तिच्या निर्धाराविषयीची शंका चित्रपटाच्या रचनेतच अनुस्यूत आहे.

ही शंका बोथट करण्याचे काम दुसऱ्या एका कात्रीने केले. 'लीजन ऑफ डिसेन्सी' या कॅथलिक संघटनेच्या आक्षेपांमुळे वॉर्नर ब्रदर्सने कझानच्या संमतीवाचून चित्रपटात काटछाट केली. तीत स्टेलाच्या जिना उतरण्याची काही जवळची दृश्ये गेली आणि अ‍ॅलेक्स नॉर्थच्या मादक संगीताच्या जागी सौम्य संगीत आले. जे तिला खाली खेचून आणते, त्या देहाच्या ओढीची तीव्रताच कमी झाली. साहजिकच अखेरचे वर जाणे अधिक विश्वसनीय वाटू लागले. वगळलेला हा भाग १९९३ च्या आवृत्तीत पुन्हा समाविष्ट झाला. शेवटाचे चित्रण तेच राहिले, अन्वयार्थ मात्र पालटला : जी एकदा अशा ओढीने उतरली, ती पुन्हा उतरणार नाही कशावरून?

माध्यमांतराची चर्चा करताना आपण बहुधा मूळ शेवट आणि रूपांतरित शेवट शेजारी ठेवून निष्ठा-अनिष्ठेचा निवाडा करतो. ही पद्धत अपुरी आहे. शेवटाचा अर्थ त्याच्या आधीच्या प्रसंगांशी असलेल्या संबंधातून सिद्ध होतो. निर्मितीसंहितेने स्टेलाला घराबाहेर काढले. परंतु ती त्या घरात का राहिली होती, याचे विल्यम्सने दिलेले उत्तर तिला पुसता आले नाही.