संमतीपत्रातली एक ओळ

रिसर्च मेथडॉलॉजीच्या वाचनयादीत लिंडा तुहिवाई स्मिथ यांचं ‘डीकॉलोनायझिंग मेथडॉलॉजीज’ हे पुस्तक हल्ली बऱ्याचदा दिसतं, आणि तेही ‘एथिक्स’ या घटकाखाली. मग परीक्षेपुरतं आपण दोन ओळी पाठ करतो: समाजाचा आदर करा, संमती घ्या. मीही तेच केलं होतं. या वर्षी पुस्तक पुन्हा नीट वाचलं, तेव्हा कळलं की एथिक्सच्या खणात टाकलं की त्याची धार जाते. हे मुळात राजकीय पुस्तक आहे.

स्मिथ न्यूझीलंडच्या, स्वतः माओरी. पुस्तक १९९९ चं. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: वसाहतवाद बंदुकीबरोबर मोजपट्टी आणि वहीसुद्धा घेऊन आला. कोणाला मोजायचं, कोणत्या नावाखाली नोंदवायचं आणि ती नोंद कोणाच्या कपाटात ठेवायची, हे सगळं बाहेरच्यांनी ठरवलं. त्यामुळे ‘हे संशोधन कोणाचं, आणि कोणासाठी?’ असं विचारणं हाही प्रतिकारच.

हे अतिशयोक्त वाटत असेल तर त्यांच्याच देशातलं एक उदाहरण घ्या. तारानाकी भागातली माओरींची जमीन सरकारने जप्त केली होती. गोऱ्या वसाहतकऱ्यांना ती विकायची तर आधी मोजणी हवी. १८७९ मध्ये सर्वेक्षक आले, तेव्हा पारिहाका गावचे नेते ते व्हिटी आणि तोहू यांच्या अनुयायांनी त्यांना मारलं नाही. त्यांना सामानासकट उचलून हद्दीबाहेर नेऊन सोडलं. पुढे वसाहतकऱ्यांच्या ताब्यातल्या जमिनीवर त्यांनी नांगर चालवले. शेकडो जण खटल्याविना तुरुंगात गेले. ५ नोव्हेंबर १८८१ रोजी सुमारे १,६०० सशस्त्र लोक गावात शिरले, तेव्हा समोर गाणारी मुलं होती. मोजणी म्हणजे तटस्थ विज्ञान नाही, जमीन जाण्याची ती पहिली पायरी आहे, हे त्या लोकांना आपल्याआधी कळलं होतं.

‘हे जुनं झालं’ म्हणाल, तर अमेरिकेतल्या हावासुपाई लोकांचं प्रकरण बघा. ग्रँड कॅनियनच्या दरीत राहणारा हा छोटा समाज. मधुमेहाचं कारण कळेल या आशेने त्यांनी १९९० पासून अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांना रक्त दिलं. तेच नमुने पुढे स्किझोफ्रेनिया आणि पूर्वजांच्या स्थलांतराच्या अभ्यासासाठी वापरले गेले. आपण याच दरीत जन्मलो, असं मानणाऱ्या समाजासाठी स्थलांतराचा प्रश्न नुसता कुतूहलाचा नव्हता. २००३ मध्ये त्याच विद्यापीठातली एक हावासुपाई विद्यार्थिनी पीएचडीच्या एका सादरीकरणाला बसली होती. आपल्या लोकांचं रक्त स्लाइडवर आलेलं पाहून तिने विचारलं, याची परवानगी घेतली होती का? त्यानंतर समाजाने विद्यापीठाला आपल्या भूमीवर बंदी केली आणि कोर्टात गेला. २०१० मध्ये सात लाख डॉलरची तडजोड झाली आणि उरलेले नमुने परत मिळाले. सह्या होत्या ना? होत्या. पण संमतीपत्रातले शब्दच इतके ढगळ होते की त्यात काहीही मावलं असतं.

आता पुस्तक कुठे कमी पडतं, ते. पहिलं, स्मिथ यांचा ‘पश्चिम’ फार एकसंध आहे. विज्ञानाच्या आतली भांडणं आणि स्वतःची चूक शोधण्याच्या पद्धती त्यात सपाट होतात. लॅबमधल्या विद्यार्थ्याला वाटतं, आपल्यावर सरसकट आरोप चाललाय, आणि तो पुस्तक मिटवतो. दुसरं, आणि आपल्यासाठी जास्त महत्त्वाचं: त्यांच्या मांडणीत संशोधक बहुधा वसाहतकर्त्यांच्या बाजूचा असतो. आपल्याकडे गणित असं सरळ नाही. आपण स्वतः ब्रिटिशांच्या राज्यातले. १८७१ च्या कायद्याने इथल्या जमातींना ‘गुन्हेगार’ ठरवलं, ते ब्रिटिशांनीच. पण आज आदिवासी पाड्यावर नमुने गोळा करायला जाणारे आपणच आहोत. ‘आम्हीही गुलाम होतो’ एवढं सांगून आपली सुटका होत नाही. या दुहेरी जागेचं उत्तर पुस्तकात आयतं मिळत नाही, ते आपल्यालाच शोधावं लागेल.

माझं काम सिकलसेलवर आहे. नमुने देणारे बहुतेक लोक आदिवासी. माझ्या संमतीपत्रात एक ओळ होती: ‘तसेच इतर वैद्यकीय संशोधनासाठी.’ ती मी लिहिलेली नव्हती, जुन्या फॉर्मवरून उतरवलेली होती. हावासुपाई प्रकरण वाचल्यावर ती माझ्या डोळ्यांत खुपायला लागली. ती काढली, तर पुढच्या प्रश्नासाठी पुन्हा त्याच घरी जावं लागणार, वेळ जाणार, आणि समोरचा ‘नाही’ म्हणू शकणार. बराच विचार केला. खरी गोष्ट तीच होती: तो ‘नाही’ म्हणू शकला पाहिजे. ओळ काढली. कामाचं वेळापत्रक चार महिन्यांनी लांबलं.

सिनॉप्सिस लिहायच्या आधी पुस्तक सगळं वाचणं जमलं नाही, तर निदान आपला फॉर्म समोर ठेवा आणि स्वतःला विचारा: यातली कोणती ओळ मी फक्त उतरवली आहे?