नाक जोडणाऱ्या हाताचें नांव

हडपसरला सोलापूर रस्त्याच्या कडेनें आज मोठमोठीं रुग्णालयें उभीं आहेत. त्यांच्या दर्शनी पाट्यांवर शस्त्रवैद्यांचीं नांवें व पदव्या ठळक अक्षरांत लिहिलेल्या दिसतात. आपण आपला देह कोणाच्या हातीं देत आहों, हें जाणण्याचा रुग्णास अधिकार आहे, आणि आपल्या कामाखालीं आपलें नांव असावें ही कर्त्याची इच्छाहि रास्तच आहे. परंतु याच पुण्याच्या परिसरांत १७९३ सालीं झालेल्या ज्या एका शस्त्रक्रियेनें युरोपांतील शस्त्रवैद्यकास नवें वळण दिलें, तिच्या कर्त्याचें नांव मात्र कोठेंच लिहिलेलें नाहीं. असें कां व्हावें, हें समजून घेण्यासाठीं त्या शस्त्रक्रियेचा मूळ वृत्तांतच एकदां टीकाकाराच्या दृष्टीनें वाचून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा वृत्तांत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकांत पत्ररूपानें प्रसिद्ध झाला. पत्राखालीं 'बी. एल.' एवढींच आद्याक्षरें आहेत. शेतकरी जातीचा एक मराठा, ज्याचें नांव इंग्रजी कानानें 'कोवासजी' असें टिपलें, १७९२ च्या युद्धांत इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकण्याच्या कामावर होता. तो टिपूच्या हातीं सांपडला व टिपूनें त्याचें नाक आणि एक हात तोडविला. वर्षाहून अधिक काळ तो तशा स्थितींत राहिला. पुढें पुण्याजवळच्या एका वीट पाडणाऱ्या जातीच्या माणसानें, म्हणजे बहुधा कुंभारानें, त्यास नवें नाक बसविलें. मुंबई इलाख्याच्या दोन इंग्रज वैद्यांनीं ही क्रिया समक्ष पाहिली होती. सवाई माधवराव व नाना फडणीस यांचें चित्र काढणारा जेम्स वेल्स यानेंच जानेवारी १७९४ मध्यें या माणसाची तसबीर रंगविली.

लेखनाच्या दृष्टीनें हें पत्र उत्तम आहे. त्यांत उद्गार नाहींत, नवलाईचा डांगोरा नाहीं. एकामागून एक कृति सांगितली आहे. तुटलेल्या नाकावर मेणाचा पातळ पत्रा बसवून प्रथम नाकाचा घाट घ्यावयाचा. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवावयाचा व त्याच्या कडेनें रेघ ओढावयाची. त्या रेघेवर कातडी सोडवावयाची, परंतु दोन डोळ्यांच्या मध्यें एक बारीक पट्टी न तोडतां राखावयाची, कारण तिच्यांतूनच नव्या नाकास रक्त मिळावयाचें असतें. नंतर ती कातडी अर्धा पीळ देऊन खालीं आणावयाची, व जुन्या व्रणाची कड ताजी करून पाडलेल्या खांचेंत तिची कड बसवावयाची. वर पाण्यांत मऊ केलेल्या काताच्या पट्ट्या. चार दिवसांनंतर तुपांत भिजविलेलीं फडकीं. दहाव्या दिवशीं नाकपुड्यांत मऊ कापडाच्या वाती, आणि सुमारें पंचविसाव्या दिवशीं ती जोडपट्टी कापून टाकावयाची.

आमच्या मतें या चार, दहा व पंचवीस दिवसांच्या हिशेबांतच एका अज्ञात शस्त्रवैद्याची सबंध कारकीर्द दडलेली आहे. पट्टी लौकर कापली तर नाक मरतें, हें कोणास पोथी वाचून कळत नाहीं. कोणाचें तरी नाक तसें मेलेलें पाहिलेलें असावें लागतें. बधिर करण्याचें औषध १८४६ पूर्वीं शस्त्रक्रियेंत सर्रास प्रचारांत आलें नव्हतें. म्हणजे हें सारें जागत्या माणसावर करावयाचें. आणि मेणाची ती युक्ति! सपाट कातडीपासून उभा घाट कसा होईल, याचा हिशेब ती कापण्यापूर्वींच मांडणें हें मातीला आकार देणाऱ्या बोटांस सुचावें यांत नवल नाहीं.

आतां या पत्राचा दोष. त्यांत रोग्याचें नांव आहे, साक्षीदारांचीं नांवें आहेत, टिपूचें तर आहेच. कर्त्याची मात्र केवळ जात दिली आहे. लेखकास तेवढी ओळख पुरेशी वाटली. १८१४ सालीं लंडनमध्यें जोसेफ कार्प्यू यानें याच रीतीनें एका लष्करी अधिकाऱ्यास नाक बसविलें व १८१६ सालीं त्यावर ग्रंथ लिहिला. त्यानें पद्धतीचें मूळ लपविलें नाहीं. तिला भारतीय पद्धति असेंच नांव रूढ झालें. देशाचें नांव राहिलें, माणसाचें गेलें.

परंतु सारा दोष परकीयांच्या माथीं मारून आपणांस मोकळें होतां येणार नाहीं. आमच्या समाजांत लेखणी एका घरांत होती व शस्त्र दुसऱ्या घरांत. आणि लेखणीवाल्या घरास शस्त्रवाल्या घराचा उंबरा ओलांडावा असें वाटलें नाहीं. पुढें जुनागडचे डॉ. त्रिभुवनदास मोतीचंद शहा यांनीं १८८९ सालीं अशाच शंभर शस्त्रक्रियांची हकीगत स्वतः छापली. त्यांचें नांव म्हणूनच राहिलें.

आजहि हा विषय निघाला कीं आम्ही कुंभारास ओलांडून एकदम सुश्रुताकडे धांव घेतों. सुश्रुताची थोरवी कोण नाकारील? तथापि सूत्रस्थानाच्या सोळाव्या अध्यायांत पानाच्या मापानें गालाची कातडी घेण्यास सांगितलें आहे; पुण्याजवळच्या कारागिरानें मेणाच्या मापानें कपाळाची घेतली. मोठ्या व्यंगासाठीं आजचे शस्त्रवैद्यहि कपाळाकडेच वळतात. अर्थात् मधल्या शतकांत कोणीतरी विचार केला, फरक केला, तो पारखून घेतला. ज्यांनीं तो केला त्यांस केवळ पोथीचे वाहक ठरविणें हा अभिमान नव्हे, कृतघ्नपणा आहे.

या गोष्टीचा एक उत्तरार्ध हडपसरच्या शेजारींच घडला. हुबळीस १९२२ सालीं जन्मलेले डॉ. नोशीर अंतिया इंग्लंडांत सर हॅरॉल्ड गिलीज यांच्या हाताखालीं शिकून परतले व १९५० नंतरच्या दशकांत कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयांत काम करूं लागले. कुष्ठरोगानें नाक बसतें तें बहुधा आंतील अस्तर व आधार नष्ट झाल्यानें. बाहेरची कातडी शिल्लक असते. तेथें आंतून नवें अस्तर देण्याची गिलीज यांची रीति उपयोगी पडते. ज्या चेहऱ्यांकडे पाहून लोक वाट बदलीत, ते चेहरे त्यांनीं पुन्हां माणसांत आणले. पुढें मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत त्यांनीं प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभारला. परंतु आम्हांस अधिक मोलाची वाटते ती त्यांची नंतरची वाट. १९७५ सालीं त्यांनीं सामाजिक आरोग्याच्या संशोधनासाठीं संस्था स्थापिली, आणि पुरंदर तालुक्यांतील परिंचें येथें तिच्या कामांत खेड्यांतल्या अल्पशिक्षित स्त्रियांच्या हातीं आरोग्याचें ज्ञान दिलें. पदवी नसलेल्या हातांतहि शहाणपण असतें, हें नामांकित शस्त्रवैद्यानें ओळखावें, यांत त्या निनावी कुंभाराच्या ऋणाची अंशतः फेड झाली असें आम्ही समजतों. अंतिया २००७ सालीं निवर्तले.

कुंभाराचें नांव आतां हातीं लागण्याची आशा नाहीं. परंतु पुण्यांत त्याच्या स्मरणार्थ एखादी शिला बसवावयाची झालीच, तर तिच्यावर त्याची जात कोरूं नये; ते चार, दहा व पंचवीस दिवस कोरावेत. त्याची खरी सही तीच आहे.