सुट्टीतील वाचन आणि वयाची पट्टी

मुलांच्या उन्हाळ्याच्या सुट्टीविषयी दिवाळीत लिहावे, हे ऋतूला धरून नाही असे कोणी म्हणेल. पण मे महिन्यात या विषयावर लिहून फारसा उपयोग नसतो. तोवर शाळेची यादी घरात येऊन पडलेली असते, मुले गावी जाण्याच्या गडबडीत असतात आणि 'वाचलेस का?' या प्रश्नावरून आई-मुलांत रोजची कुरबुर सुरू झालेली असते. आता मुले घरी आहेत, फराळाच्या ताटाशेजारी अंक पडले आहेत आणि पुढल्या मोठ्या सुट्टीला सहा महिने अवकाश आहे. शांतपणे विचार करायला हाच काळ बरा.

गेल्या काही वर्षांत शहरांतल्या पुष्कळ शाळा सुट्टीसाठी वाचनाची यादी देऊ लागल्या आहेत. पहिली-दुसरीला अमुक पुस्तके, तिसरी ते पाचवीला अमुक, सहावी ते आठवीला अमुक, अशी तिची मांडणी असते. पुस्तक वाचून झाले की लेखकाचे नाव, मुख्य पात्रे, कथानक आणि बोध असे रकाने भरायचे आणि जून महिन्यात वही बाईंना दाखवायची. यामागचा हेतू चांगला आहे, याविषयी मला शंका नाही. ज्या घरात पुस्तक विकत घेण्याची सवयच नाही, तेथे यादीच्या निमित्ताने दोन पुस्तके येतात, हे थोडे नव्हे. परंतु यादी म्हणजे नुसती नावांची जंत्री नसते. अमुक पुस्तक अमुक वयाचे, असे जी यादी सांगते, ती त्या पुस्तकाची समीक्षाच करीत असते. म्हणून तिची समीक्षा करणेही आपले काम ठरते.

या याद्यांचा सर्वसाधारण नियम असा दिसतो, की वय वाढेल तशी पुस्तकाची जाडी वाढावी, अक्षर बारीक व्हावे आणि चित्रे नाहीशी व्हावीत. ही छापखान्याची पट्टी झाली. साहित्याला ती लावता येत नाही. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'चेच उदाहरण घ्या. गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक बहुतेक याद्यांत पाचवी-सहावीच्या खणात बसवलेले असते, आणि तेही संस्कारांची मात्रा म्हणून. दहा वर्षांचे मूल ते एकटे वाचते आणि बोधाच्या रकान्यात 'आईचे ऐकावे' असे लिहून मोकळे होते. पण या पुस्तकाची घडणच निराळी आहे. मोठा झालेला श्याम आपल्या आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री एकेक आठवण सांगतो. म्हणून त्याच्या प्रकरणांना 'रात्र' म्हटले आहे आणि अशा बेचाळीस रात्री आहेत. म्हणजे हे पुस्तक मुळातच सांगण्याचे आणि ऐकण्याचे आहे. आपली उन्हाळ्याची सुट्टीही सुमारे दीड महिन्याची असते. रोज रात्री जेवणे आटोपल्यावर घरातल्या कोणी एक रात्र मोठ्याने वाचावी, यापरते या पुस्तकाचे योग्य वाचन मला सुचत नाही. मग तेथे वयाचा प्रश्न उरत नाही. सहा वर्षांच्या मुलीला त्यात गोष्ट मिळेल. दहा वर्षांच्या मुलाचे डोळे भरून येतील. पंधरा वर्षांच्या मुलाला कदाचित वेगळेच दिसेल : सावकाराचे कर्ज एखाद्या कोकणातल्या घराला कसे पोखरून टाकते, अब्रू म्हणजे काय आणि ती सांभाळताना बाईमाणसाची काय गत होते. आणि आजीला जे दिसेल, ते ती बहुधा बोलून दाखवणार नाही.

तेव्हा वयानुसार अपेक्षा ठेवूच नयेत की काय? अवश्य ठेवाव्यात. फक्त त्या कशाविषयी ठेवायच्या, एवढे ठरवले पाहिजे.

चार ते सात या वयात मुलाने स्वतः वाचावे ही अपेक्षाच मला गैर वाटते. या वयाचे खरे इंद्रिय कान आणि दुसरे डोळे. येथे अपेक्षा ठेवायची ती पुस्तकाकडून. १९६१ साली विंदा करंदीकरांची 'राणीची बाग' आली. तिच्यातले प्राणी कोणालाही सुधारायला निघालेले नाहीत, हा तिचा मोठा गुण. तेथे शब्दच खेळतात आणि मूल त्यांच्यामागे धावते. माधुरी पुरंदरे यांनी 'राधाचं घर'मध्ये घरातल्या माणसांवर छोटी छोटी पुस्तके लिहिली आणि त्यांची चित्रेही स्वतःच काढली. त्यांतली माणसे रोजच्या घरातल्यासारखी आहेत, आणि चित्रात जे दिसते ते पुन्हा शब्दांत सांगण्याची घाई नाही. अशा पुस्तकाचे रकाने भरता येत नाहीत. ते मूल 'पुन्हा वाच' म्हणते, तोच त्याचा अहवाल.

आठ ते अकरा हे वय भुकेचे. या वयात मुलाला एक चांगले पुस्तक पुरत नाही. त्याला तशीच आणखी दहा हवी असतात. मोठ्यांना हे आवडत नाही. 'तेच तेच काय वाचतोस?' असे आपण म्हणतो. परंतु वाचनाचा वेग आणि दम या 'तेच तेच'मधूनच येतो. ना. धों. ताम्हनकरांच्या 'गोट्या'ने आणि भा. रा. भागवतांच्या 'फास्टर फेणे'ने मराठी मुलांच्या पिढ्यांना वाचक केले, ते याच मार्गाने. फुरसुंगीचा हा हडकुळा बनेश पुण्याला शिकायला येतो, सायकल दामटतो आणि संकटात सापडला की 'टॉक्' करतो. त्याची एकूण वीस पुस्तके झाली. एक संपवून दुसरे मागणारा मुलगा आपण होऊन वाचनाचा व्यायाम करीत असतो. त्याला मध्येच थांबवून 'मुख्य पात्राचे स्वभावविशेष लिही' म्हणणे म्हणजे धावणाऱ्या मुलाला उभे करून त्याच्या नाडीचे ठोके मोजण्यासारखे आहे. याच वयासाठी पाठ्यपुस्तक मंडळाचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आहे आणि त्याचे जुने अंक आता संगणकावर फुकट वाचायला मिळतात. किती याद्यांत त्याचे नाव असते?

बारा ते चौदा हे वय चमत्कारिक. मुलांची पुस्तके लहान वाटतात आणि मोठ्यांची पुरती उमगत नाहीत. येथे यादी करणाऱ्याची खरी परीक्षा असते, आणि येथेच एक चूक नेहमी घडते. मुलाविषयीचे पुस्तक म्हणजे मुलासाठीचे पुस्तक, असे गृहीत धरले जाते. प्रकाश नारायण संतांचे 'वनवास' १९९४ साली आले. त्याचा नायक लंपन लहान आहे, म्हणून ते लहानांच्या हाती लवकर दिले जाते. त्याच्या खोड्या आणि कानडी वळणाची बोली त्यांना आवडतेही. पण तो आईवडिलांपासून दूर आजी-आजोबांकडे राहतो, आणि या सगळ्या गमतीखाली एक न सांगितलेले एकटेपण वाहते आहे, हे कळायला स्वतःचे थोडे एकटेपण वाट्याला यावे लागते. ते तेरा-चौदाव्या वर्षी येते. संतांनी लंपनवर चार पुस्तके लिहिली, तीही याच क्रमाने वाढत्या वयाला साथ देतात. अशी पुस्तके या वयाला द्यावीत आणि मग त्यांविषयी काही विचारू नये. या वयातले मूल जे वाचते ते लपवते. तो त्याचा हक्क आहे.

पंधरा-सोळाव्या वर्षी मात्र अपेक्षा वाढवायला हरकत नाही. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) ही जेमतेम या वयाहून थोड्या मोठ्या मास्तराची गोष्ट आहे. धनगरांच्या वाडीवर तो शिकवायला जातो आणि अखेर दुष्काळात ती वाडीच ओस पडते. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचताना या वयाच्या मुलीला कळेल, की बोलण्यातल्या साध्या मराठीत केवढे आयुष्य मावू शकते. येथे बोध विचारू नये. पटले नाही ते काय, असे विचारावे. पुस्तकाशी भांडण करता येणे ही या वयाची खरी इयत्ता.

पण नेमकी याच वेळी आपण वाचनाची वाट बंद करतो. नववीची परीक्षा संपते न संपते तो दहावीचे वर्ग भरू लागतात. ज्या सुट्टीत मूल मुलांच्या पुस्तकांतून मोठ्यांच्या साहित्यात पाऊल टाकायचे, ती सुट्टीच राहत नाही. सहावीच्या मुलाला आठ पुस्तकांची यादी आणि दहावीत जाणाऱ्याला एकही नाही, या हिशेबाचा अर्थ उघड आहे. वाचन हे लहानपणीचे वळण, मोठेपणी सोडून द्यायचे, असेच आपण मुलांना शिकवीत असतो. मराठी पुस्तकाला वाचक नाही, ही तक्रार करताना या एका उन्हाळ्याची आठवण ठेवावी.

वयाची पट्टी आणखी एका ठिकाणी मोडते. आज कितीतरी मराठी घरांतले बारा वर्षांचे मूल मराठी झरझर बोलते. वाचताना मात्र अक्षरागणिक अडखळते. पुण्या-मुंबईत ही स्थिती, मग परप्रांती आणि परदेशी राहणाऱ्यांची काय कथा! २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे झाले. त्याने तास मिळाला, वाचनाची गोडी कायद्याने लागत नाही. अशा मुलाला वाचता येईल असे सात वर्षांचे पुस्तक दिले तर त्याला अपमान वाटतो, आणि बारा वर्षांचे दिले तर दोन पानांत तो थकतो. डोळे सात वर्षांचे आणि मन बारा वर्षांचे, ही ती अडचण. तिच्यावर उपाय एकच : मोठ्यांनी वाचून दाखवावे. त्याचे कान बारा वर्षांचेच आहेत. दोन प्रकरणे ऐकली आणि तिसऱ्याला वाचणारा मुद्दाम उठून गेला, तर पुढचे पान मूल स्वतः उलटण्याचा पुष्कळ संभव असतो.

सुट्टीतील वाचनाची प्रथा अमेरिकेत जुनी आहे. पण तिकडे यादीच्या पाठीशी गावोगावचे फुकट ग्रंथालय उभे असते. आपण यादी घेतली, ग्रंथालयाकडे जाण्याची वाट घ्यायचे राहिले. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालचा. राज्यात हजारो मान्य ग्रंथालये आहेत. पण सुट्टी लागली की शाळेच्या ग्रंथालयाला कुलूप लागते, आणि गावच्या ग्रंथालयात बालविभाग म्हणजे एक कपाट. मग यादी म्हणजे पालकांच्या हाती दिलेले बिलच ठरते. ज्यांना परवडत नाही, त्यांचे मूल जूनमध्ये वही लपवते. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ सालीच सांगून ठेवले होते, की प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. यादीने यातले एकही साधत नाही. कपाट उघडल्याने दोन्ही साधतात. शाळांनी सुट्टीपूर्वी प्रत्येक मुलाला चार पुस्तके स्वतः निवडून घरी नेऊ द्यावीत. काही फाटतील, एखादे हरवेल. कुलपात वाळवी लागण्यापेक्षा ते बरे.

तेव्हा अपेक्षा ठेवाव्यात त्या अशा : पुस्तकाकडून, की त्याने मुलाला उपदेशाचे गिऱ्हाईक समजू नये, शाळेकडून, की तिने कपाट उघडावे, घराकडून, की कोणीतरी रोज अर्धा तास मोठ्याने वाचावे. मुलाकडून एकच अपेक्षा पुरे. पुस्तक आवडले नाही तर त्याने ते निःशंकपणे मिटावे आणि दुसरे उघडावे. मिटण्याची मोकळीक असेल, तरच मूल आपण होऊन पुस्तक उघडते.