'कारी' : लिहाफ बाजूला सारणारी चित्रे

आम्ही तानसा परिसरातले वाचक. आमच्या शहापूर तालुक्यातल्या या धरणाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते. शहर ते वापरते आणि गटारांत सोडते. अमृता पाटील यांची 'कारी' ही चित्रकादंबरी त्या गटारांतूनच सुरू होते. त्यामुळे पुस्तक इंग्रजी असूनही ते आम्हाला परके वाटले नाही.

२००८ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाची शब्द आणि चित्रे दोन्ही पाटील यांचीच. कारी आणि रूथ एकमेकींवर प्रेम करतात. दोघीही इमारतींवरून उडी घेतात. रूथ जाळीमुळे वाचते आणि शहर सोडून जाते. कारी गटारात पडते म्हणून वाचते. पुढे ती जाहिरात कंपनीत केसांच्या उत्पादनाच्या जाहिरातीवर काम करते आणि रात्री त्या गटारांतून होडी वल्हवते. शेवटी स्वतःचे केस कापून टाकते.

उर्दू वाचकांना हा विषय नवा नाही. इस्मत चुगताईंची 'लिहाफ' ही कथा १९४२ साली आली. तिच्यावर लाहोरला अश्लीलतेचा खटला चालला आणि त्या सुटल्या. पण तिथली इच्छा रजईखाली राहते. एका भेदरलेल्या मुलीला भिंतीवर फक्त सावली दिसते. पाटील रजईच बाजूला सारतात. आरंभीच्या चित्रात कारी आणि रूथ शेजारी बसलेल्या आहेत, रक्तवाहिनीने जोडलेल्या. फ्रिदा काहलो यांच्या १९३९ च्या 'दोन फ्रिदा' या चित्राची ही उघड आठवण आहे. तिथे एकच स्त्री दोनदा आहे, इथे दोन वेगळ्या स्त्रिया. कॅलेंडरांवर, मासिकांच्या मुखपृष्ठांवर स्त्री बहुधा पुरुषाच्या नजरेसाठी रंगवली गेली. कारी कोणाला आवडावी म्हणून काढलेली नाही. आमच्या मते पुस्तकाचे खरे धाडस हेच.

पुस्तक आले तेव्हा कलम ३७७ लागू होते. प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली गुन्ह्यातून वगळले. तरीही पुस्तकात कैफियत नाही की माफीनामा नाही.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. कारीला नोकरी आहे, इंग्रजी आहे, महानगराची अनोळखी गर्दी आहे. शहापूर-मुरबाडच्या भरल्या घरात, जिथे मुलीला स्वतंत्र खोली सोडाच, स्वतःचा आरसाही मिळत नाही, तिथली कारी कशी जगत असेल? हा प्रश्न पुस्तकाच्या कक्षेत येत नाही.

धर्माचा निवाडा देणे हे समीक्षेचे काम नव्हे. आमच्यापैकी अनेकांना ही चित्रे अस्वस्थ करतील, आम्हालाही केले. पण आपल्याच घरातली एखादी मुलगी गच्चीच्या कठड्यापर्यंत जाण्याआधी तिच्याकडे नीट पाहायला आपण शिकलो, तर ही अस्वस्थता सत्कारणी लागली असे आम्ही समजू.