स्थलांतराची मार्गदर्शिका : एक चिकित्सा

ग्रंथाचे परीक्षण व्हावे, ही गोष्ट आपल्याकडे रूढ आहे. परंतु तांत्रिक मार्गदर्शिकांनाही परीक्षणाची गरज असते, याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. त्या कामापुरत्या उघडल्या जातात आणि काम संपले की मिटल्या जातात. वस्तुतः ज्या लेखनाच्या आधारावर असंख्य आज्ञावल्यांची पुनर्रचना होते, ते लेखन काय सांगते, काय गृहीत धरते आणि कशाविषयी मौन पाळते, हे पाहणे कोणत्याही शास्त्रीय ग्रंथाच्या परीक्षणाइतकेच अगत्याचे आहे. जीटीके या टूलकिटच्या दुसऱ्या आवृत्तीवरून तिसरीवर जाणाऱ्या प्रोग्रामरांसाठी जी अधिकृत मार्गदर्शिका लिहिली गेली, तिचा असा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम पार्श्वभूमी. पडद्यावरील खिडक्या, बटणे, मेनू, मजकुराच्या चौकटी इत्यादी अवयवांचा तयार संच म्हणजे टूलकिट. गिंप हा चित्रसंपादनाचा प्रोग्राम बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस या विद्यार्थ्यांनी रचला, तेव्हा तो आरंभी मोटिफ या व्यापारी टूलकिटवर उभा होता. ते अवलंबन नकोसे झाल्यामुळे त्यांनी स्वतःचे टूलकिट तयार केले. ‘गिंपचे टूलकिट’ हाच जीटीके या नावाचा मूळ अर्थ होय. त्याची पहिली आवृत्ती १९९८ मध्ये, दुसरी २००२ मध्ये, तिसरी फेब्रुवारी २०११ मध्ये आणि चौथी डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. यातील प्रत्येक टप्प्यावर मागील आवृत्तीशी असलेली सुसंगती हेतुपुरस्सर मोडण्यात आली. दुसऱ्या आवृत्तीसाठी लिहिलेला प्रोग्राम तिसरीवर जसाच्या तसा चालत नाही. तो उचलून नव्या जागी मांडावा लागतो. ही मांडणी कशी करावी, ते सांगणे हे मार्गदर्शिकेचे प्रयोजन आहे.

तिचे गुण आधी नमूद केले पाहिजेत. तिची रचना विचारपूर्वक केलेली आहे. स्थलांतराचे ती दोन भाग पाडते : जुन्या आवृत्तीवर असतानाच करावयाची तयारी, आणि प्रत्यक्ष बदलाच्या वेळी करावयाची कामे. कालबाह्य ठरवलेली फंक्शने आधीच काढून टाकावीत, विजेटच्या अंतर्रचनेला थेट हात न लावता त्यासाठी दिलेल्या फंक्शनांतून जावे, रेखाटन कैरो या ग्रंथालयाकडे सोपवावे. आणि हे सर्व झाल्यावरच आवृत्ती बदलावी, असा तिचा उपदेश आहे. हा उपदेश योग्यच आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक पावलानंतर प्रोग्राम चालता असावा, हे तत्त्व कोणत्याही अनुभवी कारागिराला मान्य होईल. जुने आणि नवे यांचे शेजारी-शेजारी दिलेले नमुनेही स्पष्ट व नेमके आहेत.

असे असूनही या मार्गदर्शिकेचा आधार घेतलेले स्थलांतर जागोजागी अडते, ते का? आमच्या मते या लेखनात एक गृहीत तत्त्व दडलेले आहे. ते असे की, स्थलांतर हा मुख्यतः शब्दकोशाचा प्रश्न आहे : अमुक फंक्शनाच्या जागी तमुक फंक्शन घालावे, अमुक प्रकाराच्या जागी तमुक प्रकार घ्यावा, की काम झाले. या तत्त्वाचा स्वाभाविक परिणाम म्हणजे कंपायलरला कसोटी मानणे. कंपायलरने तक्रार केली नाही, तर स्थलांतर पूर्ण झाले असे प्रोग्रामरला वाटू लागते. ही कसोटी किती अपुरी आहे, ते दोन उदाहरणांनी दाखविता येईल.

पहिले उदाहरण रेखाटनाचे. दुसऱ्या आवृत्तीत विजेटचा भाग पुन्हा रंगवावयाचा झाला की ‘एक्स्पोझ-इव्हेन्ट’ हा संकेत येत असे. तिसऱ्या आवृत्तीत त्याच्या जागी ‘ड्रॉ’ हा संकेत आला. आता संकेताचे नाव प्रोग्राममध्ये अवतरणचिन्हांतील साध्या अक्षरमालेच्या रूपाने लिहिलेले असते. ती अक्षरमाला कंपायलरच्या दृष्टीने निरर्थक मजकूर आहे. तिच्यातील नाव अस्तित्वात आहे की नाही, हे तो पाहत नाही. परिणामी जुना संकेत तसाच राहिलेला प्रोग्राम निर्विघ्नपणे कंपाइल होतो, सुरूही होतो, टर्मिनलवर एक इशारा उमटतो, आणि जेथे आलेख दिसावयास हवा तेथे कोरा चौकोन दिसतो. नाव बदलले तरी काम संपत नाही. नव्या संकेतात आरंभबिंदू विजेटच्या वरच्या डाव्या कोपऱ्यावर येतो. ज्या विजेटांना स्वतःची खिडकी नसे, त्यांच्या बाबतीत जुन्या पद्धतीत जागेचे अंतर स्वतः मिळवावे लागे. ती बेरीज तशीच राहिली, तर चित्र दुप्पट सरकते.

दुसरे उदाहरण विस्ताराच्या नियमाचे. तिसऱ्या आवृत्तीत एखादे विजेट विस्तारशील असेल, तर त्याला सामावून घेणारी चौकटही विस्तारशील मानली जाते. मार्गदर्शिका हे सांगते, परंतु ‘वागणुकीत किंचित बदल’ अशा स्वरूपात, इतर अनेक सूचनांच्या रांगेत. समजा, एखाद्या विभागात हस्तलिखितांच्या पाठभेदांची तुलना करणारा लहानसा प्रोग्राम आहे. डावीकडे अरुंद सूची, उजवीकडे पाठ. स्थलांतरानंतर सूचीच फुगली आणि पाठाची जागा आकुंचित झाली, तर त्याचे कारण एकाही ओळीत चूक म्हणून सापडणार नाही. प्रत्येक ओळ बरोबर आहे. ओळींचा अर्थ मात्र बदललेला आहे.

येथे आपल्या भाषेतील एक घटना आठवते. १९६२ च्या शुद्धलेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. तरीही त्यापूर्वी छापलेले ग्रंथ आजचा वाचक अडखळत का होईना, पण वाचतो; कारण मनुष्य वाचताना अर्थाचा शोध घेतो आणि चिन्हांतील भेद माफ करतो. कंपायलर असा उदार नसतो, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु खरा धोका त्याच्या कठोरपणात नाही. तो जेथे नकार देतो, तेथे निदान दोष कळतो. तो जेथे होकार देतो आणि अर्थ मात्र पालटलेला असतो, तेथे प्रोग्रामर निराधार होतो. मार्गदर्शिकेने सर्वांत मोठा आवाज अशा ठिकाणी काढावयास हवा होता; नेमका तेथेच तिचा आवाज खाली आला आहे.

चौथ्या आवृत्तीच्या मार्गदर्शिकेत हा शब्दकोशवाद अधिकच उघडा पडतो. उत्तर मिळेपर्यंत प्रोग्रामला थांबवून धरणारा संवाद त्या आवृत्तीत काढून टाकला गेला. पूर्वी ‘विचारा, थांबा, उत्तर पाहून पुढे जा’ असा सरळ क्रम लिहिता येई. आता पुढचा भाग वेगळ्या फंक्शनात ठेवून उत्तर आल्यावर तो बोलावावा लागतो. एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द घालून हे साधत नाही. तेथे वाक्यरचनाच उलटवावी लागते. कोश देऊन भागत नाही, तेथे व्याकरण शिकवावे लागते.

येथे एक आक्षेप संभवतो. जुने टाकल्यावाचून नवे येत नाही. मग मोडतोडीबद्दल तक्रार कशासाठी? या आक्षेपात तथ्य आहे, आणि मराठी वाचकाने तर तो गंभीरपणे घेतला पाहिजे. पहिल्या आवृत्तीत देवनागरीतील जोडाक्षरे आणि मात्रा यांची यथायोग्य मांडणी होण्याची सोय नव्हती. दुसऱ्या आवृत्तीने सर्व मजकूर युनिकोडमध्ये घेतला आणि त्याची मांडणी पँगो या ग्रंथालयाकडे सोपविली. त्यामुळेच बटणावर आणि मेनूत शुद्ध मराठी लिहिणे या टूलकिटमध्ये शक्य झाले. ती मोडतोड झाली नसती, तर आपली लिपी दाराबाहेरच राहिली असती. तेव्हा सुसंगती मोडणे हा स्वतः दोष नव्हे. प्रश्न आहे तो मोडण्याचा भार कोणी वाहावा आणि त्याची जाणीव लेखनात उमटावी की नाही, हा.

भार हलका करण्याचा एक मार्ग क्यूटी या टूलकिटने २००५ मध्ये दाखविला. त्याच्या चौथ्या आवृत्तीसोबत जुन्या वर्गांना निराळ्या नावांनी जिवंत ठेवणारे एक पूरक ग्रंथालय आणि नावे आपोआप बदलणारे एक साधन देण्यात आले. त्यामुळे एकाच प्रोग्राममध्ये जुने व नवे काही काळ नांदू शकले. जीटीकेमध्ये हे शक्य नव्हते. एका यंत्रावर दोन्ही आवृत्त्या सुखाने राहू शकतात. परंतु एका चालत्या प्रोग्राममध्ये त्या एकत्र आल्या तर तो बंद पाडण्याचीच व्यवस्था आहे. अर्थात क्यूटीचा पूलही निर्दोष नव्हता. पूल आहे म्हणून पलीकडे जाण्याची घाई नाही, अशी वृत्ती बळावू शकते. आणि २०१२ च्या पाचव्या आवृत्तीत तो पूल काढला गेला, तेव्हा मध्येच थांबलेल्यांना उरलेले अंतर एकदम चालावे लागले. पूल बांधणाऱ्याने त्याची मुदतही आरंभीच सांगावी, हा यातील बोध होय.

अखेरीस गिंपचेच उदाहरण पाहू. ज्या प्रोग्रामसाठी जीटीके जन्मले, तो दुसऱ्या आवृत्तीवर २००४ मध्ये, म्हणजे दोन वर्षांत गेला. तिसऱ्या आवृत्तीवरील त्याची स्थिर आवृत्ती मात्र मार्च २०२५ मध्ये निघाली : चौदा वर्षांनी. तोपर्यंत चौथी आवृत्ती येऊन चार वर्षे उलटली होती, आणि दुसरीचे आयुष्य संपल्याची घोषणाही २०२० मध्येच झाली होती. या विलंबाचे सर्व खापर स्थलांतरावर फोडणे न्याय्य ठरणार नाही. याच काळात गिंपने आपला चित्रप्रक्रियेचा गाभा बदलला, आणि २०१८ च्या आवृत्तीत तो प्रकट झाला. काम करणारे हातही मोजकेच होते. परंतु मोजके हात हीच तर बहुसंख्य प्रोग्रामांची स्थिती असते. शिवाय पुढचा भाग अधिक बोलका आहे. तिसऱ्या आवृत्तीवर येताना गिंपने स्वतःच्या प्लगइनांसाठी असलेली व्यवस्थाही बदलली, आणि जुने प्लगइन लिहिणाऱ्यांवर तेच ओझे आले, जे गिंपने इतकी वर्षे वाहिले होते. भार नाहीसा होत नाही; तो फक्त खालच्या पायरीवर उतरतो, आणि सर्वांत खालच्या पायरीवर बहुधा एकटा मनुष्य उभा असतो.

म्हणून स्थलांतराच्या मार्गदर्शिकेकडून तीन अपेक्षा ठेवणे अवाजवी होणार नाही. जे बदल कंपायलरला दिसत नाहीत, त्यांचे प्रकरण स्वतंत्र असावे आणि ते प्रथम यावे. ज्याला पर्याय उरलेला नाही, ते तसे स्पष्ट शब्दांत सांगावे. आणि प्रत्येक बदलामागील कारण द्यावे. कारण ज्याला कारण कळले आहे, त्याला न सांगितलेल्या ठिकाणीही मार्ग काढता येतो. आमच्या विद्यार्थ्यांनी एखादा जुना प्रोग्राम नव्या आवृत्तीवर नेताना कंपायलरच्या मौनावर समाधान मानू नये. जुना आणि नवा असे दोन्ही प्रोग्राम शेजारी-शेजारी चालवून प्रत्येक खिडकी डोळ्यांनी पडताळावी, आणि जे भेद आढळतील ते लिहून ठेवावेत. अधिकृत मार्गदर्शिकेत जे प्रकरण राहून गेले आहे, ते अशाच टिपणांतून लिहिले जाईल.