लिहितं करणारा संपादक

स्मरणिकेचं काम गळ्यात पडलं की पहिला महिना ‘मला कुठं लिहिता येतं?’ हे ऐकण्यातच जातो. अमेरिकेतल्या आपल्या मंडळात नाटकवाले मिळतात, ढोल-ताशावाले मिळतात, उकडीचे मोदक वळणारे तर हमखास. लिहिणारे मात्र धरून आणावे लागतात. त्या महिन्यात मला दरवर्षी दिनकर गांगल आठवतात.

गांगल पत्रकार, ‘महाराष्ट्र टाइम्स’मधले. तिथले संपादक गोविंद तळवलकर निवृत्तीनंतर आपल्या ह्यूस्टनला येऊन राहिले आणि इथूनही मराठीत लिहीत राहिले. तळवलकरांचा दरारा होता तो त्यांच्या स्वतःच्या लेखणीचा. गांगलांचं कसब बघायचं तर दुसऱ्यांची पुस्तकं उघडावी लागतात.

1970च्या दशकात अरुण साधू, अशोक जैन, कुमार केतकर अशा पत्रकार मित्रांसोबत त्यांनी ‘ग्रंथाली’ ही वाचक चळवळ उभी केली. वाचकांनी सभासद व्हायचं आणि चांगली पुस्तकं स्वस्तात घरी न्यायची, इतका साधा हिशेब. त्या हिशेबातून 1978 साली दया पवारांचं ‘बलुतं’ आलं, 1980 साली लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’. दुसऱ्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्यांच्या घरात पुस्तक नावाची वस्तू नव्हती, त्यांचं जगणं मध्यमवर्गीयांच्या कपाटात जाऊन बसलं. ‘ग्रंथाली’नेच 1993 मध्ये काढलेल्या नरेंद्र जाधवांच्या पुस्तकाचं नाव पाहा : ‘आमचा बाप आन् आम्ही’. ‘वडील’ नाही, ‘आणि’ही नाही. कुणी लाल पेन चालवून ते नाव सुधारलं असतं, तर तो बाप आपल्याला भेटलाच नसता.

सत्तरीत माणसं आपापल्या आठवणी लिहायला घेतात. गांगल त्या वयात 2010 साली ‘थिंक महाराष्ट्र’ या संकेतस्थळाच्या मागे लागले. गावं, जत्रा, देवळं, आडगावी काही धडपड करणारी माणसं, हे सगळं तिथे साठू लागलं. छापील अक्षरात हयात गेलेल्या कित्येकांनी तेव्हा इंटरनेटकडे पाहून नाकं मुरडली होती. (मीसुद्धा. मला वाटायचं, पडद्यावर कोण मराठी वाचणार!) आज न्यू जर्सीत बसून मी आजोळच्या तालुक्याची माहिती शोधतो ती पडद्यावरच.

दुसऱ्यांना लिहितं करण्याची त्यांची ही विद्या आम्ही इथे आमच्या परीने चालवतो. यंदाच्या अंकात एका निवृत्त परिचारिका मावशींचा लेख आहे. त्यांनी एक ओळही लिहिलेली नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर नऊ ध्वनिसंदेश पाठवले : पहिली रात्रपाळी, पहिला हिवाळा, डब्यातली मेथांब्याची फोड सांडली तो किस्सा. मी ते ऐकून उतरवले, नीट लावले आणि मोठ्या अभिमानाने वाचून दाखवले.

“हिमवर्षाव?” मावशी मध्येच म्हणाल्या. “असं कधी म्हटलं रे मी? पीठ चाळल्यासारखं पडत होतं, असं म्हटलं होतं.”

तसं केलंय. पान बावीस.