जोडीला खलनायिका लागत नाही

मालिकांचे चाहते हल्ली रोजच्या भागातून नायक-नायिकेची दोन मिनिटं तेवढी कापून घेतात, त्यावर एखादं गाणं चढवतात आणि इन्स्टाग्रामवर टाकतात. दाराआडून ऐकणारी वहिनी, दुधात औषध मिसळणारी मावशी, दवाखान्यातले बदललेले रिपोर्ट, हे सगळं कात्रीखाली जातं. वाहिन्यांना या रील्स म्हणजे फुकटची जाहिरात वाटते. मला ती समीक्षा वाटते. प्रेक्षकाला काय हवंय ते तिच्यात स्वच्छ दिसतं आणि तरीही लेखनात त्याचा पत्ता नाही, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ 2012 साली सुरू झाली आणि त्याच वर्षी संपली. राधा आणि घना अजून लोकांच्या बोलण्यात आहेत. करारानं केलेलं लग्न ही कल्पना काही सतीश राजवाडेंच्या मालिकेनं शोधलेली नव्हती. पण घनाला अमेरिकेला जायचंय आणि राधाला लग्नच नकोय, म्हणजे अडचण त्या दोघांच्याच स्वभावात आहे. त्यामुळे दोघं भांडली तरी प्रसंग त्यांचाच राहतो, तिसऱ्या कुणाच्या ताब्यात जात नाही. घरच्यांसमोर खोटा संसार वठवता वठवता त्यांना एकमेकांच्या सवयी कळू लागतात. मुक्ता बर्वेची राधा तोंडानं नाही म्हणत असते तेव्हा आपल्याला आधीच कळलेलं असतं की हिचं मन बसलंय. तिला अजून कळायचंय. जोडीवर जीव जडतो तो या मधल्या काळात. आपल्याला कळलेलं त्या दोघांना कधी कळेल याची वाट बघण्यासाठी माणूस रोज टीव्हीपुढे बसतो.

‘तुझ्यात जीव रंगला’चे सुरुवातीचे भाग मी याच ओढीनं पाहिले. कोल्हापूरकडचा रांगडा पहिलवान राणा, लाल मातीत कुणाला भिणार नाही, पण शिक्षिका पाठकबाई समोर आल्या की शब्द घशात अडकतो. हार्दिक जोशीनं त्या थोराड देहाला जी लाज दिली, ती मराठी पडद्यावरच्या नायकाला फारशी कुणी दिलेली नाही. शिकलेल्या बाईचा त्याला दरारा वाटतो आणि त्या दराऱ्यातच प्रेम आहे. लग्नानंतरही तो तिला पाठकबाईच म्हणतो. पाठकबाई झालेली अक्षया देवधर आणि हार्दिक जोशी यांनी 2022मध्ये खरंच लग्न केलं, तेव्हा चाहत्यांना स्वतःच्या घरचं कार्य वाटलं. तरी जोडी जमली ती काही निव्वळ चेहऱ्यांच्या जुळणीनं नव्हे. राणा कुणापुढे झुकतो आणि का, हे लिहिणाऱ्यानं आधी ठरवलं होतं. पुढे नंदिता वहिनीचे डाव वाढत गेले आणि तो लाजरा पहिलवान मागे पडला.

‘अग्गंबाई सासूबाई’मधली आसावरीही याच माळेतली. सासऱ्यांच्या आणि मुलाच्या ताटाकडे बघण्यात जन्म गेलेली बाई, आणि तिच्यासमोर शेफ अभिजित राजे, स्वतः रांधून वाढणारा पुरुष. निवेदिता सराफांच्या चेहऱ्यावरचा संकोच पाहून कळतं की हिला वाढून घ्यायचीही सवय नाही. यापेक्षा मोठा अडथळा कुठली खलनायिका उभा करणार होती?

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. ‘तुला पाहते रे’नं वयातल्या अंतराचा चांगला प्रश्न पुनर्जन्माच्या सुडात बुडवला. ‘होणार सून मी ह्या घरची’तले श्री-जान्हवी गोड होते, मालिका ताणली गेली. ‘माझ्या नवऱ्याची बायको’त जोडीच नव्हती.

आता ‘ठरलं तर मग’. करार इथेही आहे, अर्जुन-सायलीला अफाट प्रेमही मिळालंय. जुई गडकरी आणि अमित भानुशाली समोरासमोर बसले की पडदा जिवंत होतो. पण असे प्रसंग कटकारस्थानांच्या आणि खटल्याच्या गर्दीत शोधावे लागतात.

निर्मितीतली माणसं सांगतात की रोज भाग द्यायचा तर कारस्थान लागतंच, प्रेमावर इतके भाग निघत नाहीत. हे मला अजिबात मान्य नाही. नोकरी गेलेला नवरा, गावाकडे एकटी पडलेली आई, मूल हवं की नको, घराचा हप्ता, बायकोचा वाढलेला पगार यांतल्या प्रत्येक गोष्टीवर दोन महिन्यांचा ट्रॅक उभा राहील, आणि त्यात दोघं एकमेकांशी बोलतील. आजचे गैरसमज साध्या एका प्रश्नानं मिटण्यासारखे असतात. तो विचारला जाऊ नये म्हणून ऐन वेळी फोन बंद पडतात. ज्याला बायकोला सरळ विचारता येत नाही, त्याच्या प्रेमावर मी का विश्वास ठेवावा? आणि दर वेळी निर्दोषपणा सिद्ध करायचा तो तिनंच. तिचं सोसणं म्हणजे प्रेम, हे गणित आठवड्याचे सहा दिवस घराघरात शिकवलं जातंय. टीआरपी येतो म्हणून ते बरोबर ठरत नाही. मालिका सुरू करतानाच ती कधी संपवायची हे वाहिनीनं ठरवावं आणि लेखकाला सांगावं. राधा-घनाला शेवट मिळाला. अर्जुन-सायलीचा तो हक्क आहे.